कॉलम अकराची शेगडी

विषय : घोडबंदर रस्त्यालगत नव्याने बांधलेल्या क्वार्टरमधील खोल्या गरम ठेवण्याच्या साधनाची निवड करण्याबाबत.

संदर्भ : पूर्ततेचा फॉर्म, कॉलम अकरा.

वरील विषयी निवेदन करण्यात येतं की, मी भाईंदरच्या मिठाच्या ऑफिसात सबंध नोकरी कारकून म्हणून काढली. रिटायर होताना टेबल रिकामं करून दिलं, पण किस्से कोणी चार्जमध्ये घ्यायला तयार होईना. ते माझ्याकडेच राहिले. त्यातले हे थोडे. विषय वाचून 'भाईंदरला खोल्या गरम कशाला करायच्या?' असं तुमच्या मनात आलं असेल, तर तुम्ही सरकारी नोकरी केलेली नाही!

*

लढाईच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आमच्या ऑफिसातला दामोदर राऊत भाईंदर गावात थोरल्या भावाकडे एका खोलीत राहायचा. एका खोलीत दोन संसार, मध्ये धोतराचा पडदा. लग्नाला चार वर्षं झाली तरी नवराबायकोचं बोलणं खुणांनीच चाललेलं. शेवटी त्याची बायको, अनसूयावहिनी, आगाशीला माहेरी निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. एवढंच म्हणाली, "घराची किल्ली घेऊन न्यायला या. हात हलवत आलात तर जेवायला वाढीन आणि परत पाठवीन."

इकडे मिठागरांच्या कडेला राऊतसाठी सरकारी क्वार्टर बांधून तयार होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, वर मंगलोरी कौलं. किल्ली आमचे हेडक्लार्क नाना जोगळेकर यांच्या ड्रॉवरमध्ये होती. फक्त पूर्ततेचा फॉर्म मंजूर होऊन यायचा होता.

फॉर्म मुळात उत्तरेकडच्या डोंगरी मुलखासाठी छापलेला. तिकडे मीठ खाणीतून काढतात आणि हिवाळ्यात बर्फ पडतं. मीठ ते मीठ, म्हणून वरच्या ऑफिसने तोच फॉर्म आम्हालाही लावला. कॉलम अकरा असा होता : 'खोल्या गरम ठेवण्याचं साधन. (अ) कोळशाचं, (आ) लाकडाचं, (इ) रॉकेलचं. एकावर खूण करावी.'

राऊतने त्यावर आडवी रेघ मारली. दीड महिन्याने फॉर्म परत. 'रेघेचा अर्थ कळवावा.'

नानांनी लिहिलं, 'गरज नाही.'

आणखी दीड महिना. उत्तर आलं, 'गरज आहे का, असं विचारलेलं नाही. कोणतं, असं विचारलं आहे.'

*

नाना वाचणारे माणूस. घरी तीन कपाटं पुस्तकं, आणि इंग्रजी असं की ड्राफ्ट वाचताना साहेब डिक्शनरी मागवायचा. हे उत्तर त्यांना झोंबलं. त्यांनी तिन्ही पर्याय खोडले आणि खाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'सूर्य.'

राऊत रडकुंडीला आला. "नाना, माझी बायको आगाशीला आहे हो!"

"सूर्य तिकडेही आहे," नाना म्हणाले आणि फॉर्म टपालात टाकला.

उत्तर आलं : 'सदर साधन सरकारी मालकीचं की भाड्याचं? ते विझवण्याची जबाबदारी कोणाकडे?'

नानांनी कळवलं, 'मालकीबाबत चौकशी चालू आहे. विझवण्याची जबाबदारी समुद्राकडे असून तो ती रोज संध्याकाळी उत्तनच्या बाजूला न चुकता पार पाडतो.'

यावर नानांना लेखी समज मिळाली. तिच्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका त्यांनी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि मगच ती फाइलला लावली.

*

राऊत दर रविवारी आगाशीला जायचा. विरारपर्यंत गाडी, पुढे टांगा. अनसूयावहिनी जेवायला वाढायची आणि बोलल्याप्रमाणे परत पाठवायची. सासरे केळीचे बागायतदार. सरळ माणूस, ऑफिसात कधी पाय ठेवलेला नाही. एका रविवारी त्यांनी जावयाला ओटीवर बसवून विचारलंच.

"जावईबापू, घर झालं म्हणता ना?"

"झालंय."

"कौलं चढली?"

"चढली. दारंसुद्धा बसली."

"मग अडलंय कुठं?"

राऊत खाली मान घालून म्हणाला, "शेकायची शेगडी ठरत नाहीये."

वैशाख चालू होता. सासऱ्यांनी जावयाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग आत हाक मारली, "अनसूये, पाहुण्यांना ताक आण गं. आणि कांदा फोडून आण. ऊन बाधलंय त्यांना!"

*

हे कळल्यावर नाना विरघळले. म्हणाले, "झाली तेवढी चेष्टा पुरे. राऊतचा संसार लागला पाहिजे. काहीतरी खूण करू या."

पण कुठली? बैठक बसली. रॉकेलवर खूण केली तर साठ्याचा परवाना, वाळूच्या बादल्या आणि वेगळा फॉर्म. कोळसा म्हटला तर कोळशाची कोठी बांधायची, तिचा पुन्हा पूर्ततेचा फॉर्म.

"आणि त्यातही कॉलम अकरा असणार!" मी म्हणालो.

आमचा शिपाई बस्त्याव उत्तनचा. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. नानांनी त्याला विचारलं, "काय रे बस्त्याव, तुमच्याकडे थंडी पडते की नाही?"

"हाय ना, सायेब. नाताळचे सकाली मिसेला येते घटकाभर. फादरचं भाषण लांबलं का ती बी जाते."

लाकडावर खूण करायचं ठरलं. लाकूड काय, चुलीला लागतंच. एखादी दोन वितींची शेगडी येईल, कोपऱ्यात पडून राहील, असा आमचा हिशेब.

*

ती मालगाडीने आली. बिडाची, चार पायांची, माझ्या छातीइतकी उंच, वर लांबरुंद सपाट पाट. स्टेशनातून क्वार्टरपर्यंत न्यायला बैलगाडी आणि आठ माणसं लागली. दारातून जाईना, म्हणून नवीन बसवलेली चौकट काढली. आत गेल्यावर पुढची खोली निम्मी संपली. धुराड्याचा पत्रा बाहेर काढायला नवी कौलं फोडली.

आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे होतो, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बस्त्यावने तिच्याभोवती अंग चोरून एक फेरी मारली आणि विचारलं, "सायेब, ही घरात र्‍हायची का घर हिच्यात र्‍हायचं?"

*

एवढ्यावर किल्ली मिळेल असं वाटलं होतं. पण कॉलम अकराला एक तळटीप होती. दारं-खिडक्या लावून साधन एक तास पेटवावं आणि आतलं उष्णतामान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी वाढतं, अशी अधिकाऱ्याने समक्ष खात्री करावी.

अधिकारी आला तो पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. कोट, टाय, हातात दोन थर्मामीटर. एक त्याने बाहेर बस्त्यावकडे दिला. एक घेऊन तो आत बसला. बरोबर नाना, राऊत आणि मी. बस्त्यावने बाहेरून कडी घातली.

पाच मिनिटांत टाय गेला. दहा मिनिटांत कोट गेला. पंधराव्या मिनिटाला साहेब शर्टाच्या गुंड्यांशी झटू लागला. नाना उघड्या अंगाने, मांडी घालून, दर पाच मिनिटांनी आकडा पुकारत होते आणि मधूनच विचारत होते, "आणखी एक ओंडका टाकायचा का, सर?"

पंचविसाव्या मिनिटाला पारा काचेच्या टोकाला जाऊन टेकला. पुढे मोजायला जागाच उरली नाही. साहेब दारावर थापा मारत ओरडला, "बाहेर किती आहे?"

बाहेरून बस्त्यावचा आवाज आला, "बाहेर लय गार हाय, सायेब! या ना!"

कडी निघाली. साहेब सरळ विहिरीकडे धावला. दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्यावर त्याने निथळत्या हाताने शेरा मारला, 'साधन समाधानकारक.' शाई फुटली होती, पण वाचता येत होतं. किल्ली राऊतच्या हातात पडली.

*

राऊत पुढच्याच गाडीने आगाशीला गेला आणि अनसूयावहिनीला घेऊन आला. आम्ही ओटीवर नारळ घेऊन उभे होतो. तिने उंबऱ्यावरचं माप लवंडलं, आत पाऊल टाकलं आणि थबकली. शेगडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "अहो, मी यायच्या आधीच दुसरी आणून बसवलीत होय?"

पण बाई हुशार. आठवड्याच्या आत शेगडीच्या पोटात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. वर्षाअखेरीस वरच्या ऑफिसने विचारलं, 'साधनाचा या वर्षी काय उपयोग झाला?'

राऊत खोटं लिहिणारा नव्हता. त्याने लिहिलं, 'अकरा पिल्लं.'

त्यावर काहीच विचारणा झाली नाही. वरच्या ऑफिसचं समाधान झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

*

पुढे राऊतकडे पाळणा हलायची वेळ आली, पण पाळणा टांगायला जागा नव्हती. म्हणून त्याने अर्ज केला : साधन अडचणीचं होत आहे, तरी ते काढून न्यावं.

अर्ज वर गेला. लढाई सुरू झाली, संपली. नाना रिटायर झाले. साहेब लोक बोटीत बसून गेले, राज्य बदललं. ऑफिसवर नवा झेंडा लागला, त्या दिवशी आम्ही पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी त्याच फायलींना त्याच दोऱ्या बांधल्या. त्यातच एका सकाळी राऊतच्या दारात बैलगाडी आणि आठ माणसं येऊन उभी राहिली. अर्ज मंजूर झाला होता. साधन काढून न्यायला आली होती!

राऊतने मला बोलावणं पाठवलं. जाऊन पाहतो तर अनसूयावहिनी शेगडीला पाठ लावून उभी. शेगडीच्या पाटावर ओलं फडकं अंथरलेलं आणि त्यावर तिसरं मूल गाढ झोपलेलं. थोरली दोन्ही त्याच पाटावर झोपून वाढली होती. उन्हाळ्यात घामोळ्यांनी पोरं रडायला लागली की घरात तेवढी एकच जागा गार असायची. बीड ते बीड.

"वहिनी," मी म्हणालो, "ऑर्डर आहे. न्यावीच लागेल."

"न्या ना," ती शांतपणे म्हणाली. "मला काय त्याचं! फक्त गाडीत एक ट्रंकही चढवा. वाटेत मला स्टेशनावर सोडा, विरारची गाडी मिळेल. आले तेव्हा ही घरात होती. ही गेली की मीही आगाशीला."

राऊतने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीवाल्याला म्हणालो, "बाबा, थोडं थांब." शेगडीच्या कडेवर कागद ठेवून आम्ही दुसरा अर्ज लिहिला : साधन काढून नेऊ नये. वरून काय ते उत्तर येईपर्यंत म्हणून गाडी रिकामी परत पाठवली.

उलट टपाली विचारणा आली : 'साधन कशासाठी लागतं, ते स्पष्ट करावं.'

राऊतने लिहिलं, 'घर गार ठेवण्यासाठी.'

सदर अर्ज अद्याप विचाराधीन आहे.