मधली कोरी जागा

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीबाई म्हणत. तिचा बाप खरोखरच कापड रंगवायचा, पण ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. ऑपरेशनमधून आलेले तुकडे मेणात बसवायचे, केसाहून पातळ कापायचे आणि काचेवर रंगवायचे, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. तिची निळी-तपकिरी नखं पाहून जाऊ म्हणायची, "कुणाचा खून करून आलीस गं?"

"अजून पत्ता लागू दिला नाही," ती म्हणायची.

त्या दिवशी मेंदूतल्या गाठीचा तुकडा होता. गाठ झपाट्यानं वाढणारी. माणूस चाळिशीतला, शाळेत शिकवणारा. बाकी नुसता नंबर. शरीराच्या लढाऊ पेशी गाठीत किती शिरल्यात, हे नव्या डॉक्टरांना बघायचं होतं. त्या पेशींवर तपकिरी रंग चढतो. डॉक्टरांनी काच भिंगाखाली घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. कडेला, रक्तवाहिनीभोवती चार-दोन ठिपके. मधे सगळं कोरं.

"बाई, रंग फसला. परत कापा."

तिचा रंग कधी फसलाच नव्हता असं नाही. पण फसला की आधी तिलाच कळायचं. आणि मेणात आता जेमतेम चिमूटभर तुकडा उरला होता. मास्तरांना कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारी तपासणी त्याच्यावरच व्हायची होती. परत कापलं तर त्या तपासणीसाठी काही उरणार नव्हतं.

"डॉक्टर, काच जरा डावीकडे सरकवा."

"तिकडे काय आहे?"

"टॉन्सिल. भलत्याच कुणाचं तरी. दर काचेच्या कोपऱ्यात मी एक काप लावते. त्यात लढाऊ पेशी खच्चून भरलेल्या असतात."

टॉन्सिल तपकिरी ठिपक्यांनी गजबजलं होतं.

"दोन्ही एकाच वेळी, एकाच रंगात भिजलेत," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "रंग फसला असता, तर हेही कोरं राहिलं असतं. मधे पेशी नाहीतच, डॉक्टर."

डॉक्टरांनी दुसरी काच मागितली, राखणदार पेशी रंगवलेली. तिनंही भिंगात डोकावलं. तिथं गाठीचा जवळजवळ अर्धा भाग तपकिरी.

"अगंबाई! एवढे पहारेकरी? मग झोपलेत का मेले?"

"झोपले असते तर बरं होतं. गाठीनं फितवलंय त्यांना. तिलाच पोसतात, आणि लढाऊ पेशींना दबवून ठेवतात."

"घरजावई झाले म्हणा की."

"जावई परवडला, बाई. तो निदान भाऊबंदांना हाकलत नाही."

ती हसली, पण डोळा भिंगावरून हलेना. एवढी गर्दी, आणि सगळी उलट्या बाजूची. "आणि त्या लढाऊ पेशी? शरीरात कुठे तरी असतीलच ना?"

"बऱ्याच हाडांच्या मगजात अडकलेल्या सापडतात. का, ते थोडं कळलंय. सगळं नाही."

"मगजात!" ती स्वतःशीच म्हणाली. तिथं त्यांना कोण धरून ठेवत असेल?

डॉक्टरांनी कागदावरचं 'पुन्हा कापणे' खोडलं आणि लिहिलं: लढाऊ पेशी कडेला तुरळक, मधे नाहीत.

तिनं मेणाचा ठोकळा डबीत घातला आणि शिपायाची वाट न बघता स्वतःच जिना उतरून औषधाची तपासणी करणाऱ्या खालच्या विभागात नेऊन दिला.

"जपून काप गं," तिथल्या मुलीला ती म्हणाली. "याच्यामागे दुसरा नाही."