जिरं पडलेली कुंडी

तो जानेवारी मी विसरू शकलेलो नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे पाहिले, खूनही पाहिले, पण एका प्लास्टिकच्या कुंडीने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्याच प्रेताने छळलं नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. साठच्या दशकात मी इंजिनिअर व्हायला अमेरिकेत आलो, शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि नागरिकत्व मिळाल्यावर पोलिसात भरती झालो. ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटजवळ, नोव्हायच्या बाजूला, एका टाउनशिपमध्ये, म्हणजे लहानशा गावात, मी डिटेक्टिव्ह होतो. आसपासची मराठी मंडळी सगळी मोटारींच्या कंपन्यांत. गणपतीला कोणी "आपण कुठे असता?" असं विचारलं आणि मी "पोलिसात" म्हटलं, की समोरचा आधी हसायचा आणि मग आपली गाडी नीट उभी आहे ना, ते बघायला जायचा. नावं कोणाचीच देत नाही. गुन्हेगाराचीही नातवंडं असतात.

खबर एका म्हाताऱ्या शेजारणीने दिली. गल्लीत गुडघाभर बर्फ, पण एका घराच्या तळघराच्या खिडकीपुढे हिरवंगार गवत उगवलं होतं, आणि खिडकीला आतून चंदेरी कागद चिकटवलेला. "माझं गवत मेमध्येसुद्धा असं दिसत नाही," असं ती रागाने म्हणाली. हेवा हा पोलिसांचा सर्वांत जुना खबऱ्या आहे. आम्ही चार दिवस नजर ठेवली, कपडे वाळवायच्या ड्रायरची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून येणारा वास टिपला, न्यायाधीशांकडून वॉरंट घेतलं आणि एका सकाळी आत शिरलो.

तळघरात दोन खोल्या होत्या. एकीत बाहेरचा बर्फ वितळवतील अशा तापलेल्या, प्रखर दिव्यांखाली गांजाची झाडं, दुसरीत भाड्याने राहणारा विद्यार्थी. तो सांगलीकडचा होता आणि मेकॅनिकलमध्ये एमएस करत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. गणपतीत त्याने माझ्या हातचा प्रसाद खाल्ला होता.

"काका! तुम्ही? थँक गॉड. यांना सांगा ना, माझं काही नाहीये यात!"

मी त्याला बेड्या घातल्या.

घरमालक पन्नाशीचा, शांत, हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्याने एकच पालुपद लावलं: "तळघर मी त्याला दिलंय. मी खाली उतरतही नाही. त्यांच्या देशात हे रानात उगवतं म्हणे." दिवे त्यानेच घेतले होते याचा पुरावा नव्हता. दोघांपैकी एक खोटं बोलत होता आणि एकाच्या बोलण्यात अडखळ होती. ती अडखळ माझ्या गाववाल्याची होती.

अटक केलेल्याला त्याचे हक्क वाचून दाखवायचं इंग्रजी कार्ड पोलिसाच्या खिशात असतं, मराठी नसतं. माझ्या वरच्या सार्जंटच्या आग्रहाने मी ते मराठीतही सांगितलं. तुला गप्प राहायचा हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे.

"वकील कशाला काका? मी काही केलंच नाहीये. त्या झाडांना मी टचसुद्धा केलेलं नाही. प्लीज, माझा व्हिसा कॅन्सल होईल. बाबांनी घरावर कर्ज काढून पाठवलंय."

निरपराध माणूस हमखास ही चूक करतो, वकील मागत नाही. पण अपराधीही कधीकधी तीच करतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जप्तीच्या कामासाठी पुन्हा तळघरात उतरलो. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेती कार्यालयातला एक माणूस सोबत होता. झाडं बघून तो हळहळलाच. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जुन्या पानांची टोकं करपलेली. "विहिरीचं पाणी," तो म्हणाला. "इथल्या पाण्यात चुना फार. मातीचा पीएच चढला की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं, पण तोंड बांधलेलं. आणि या महाशयांना वाटलं झाड उपाशी आहे, म्हणून खत ओतलं, मग आणखी ओतलं. टोकं त्यानेच जळली."

एकच झाड याला अपवाद होतं. कोपऱ्यातल्या एका कुंडीतलं झाड खालून खुरटलेलं, पण वरची पानं तजेलदार हिरवी. त्याने कागदी पट्टी लावून पाहिली. बाकी कुंड्यांत पीएच आठाच्या घरात, या एकीत साडेसहा. "हिला कोणीतरी आंबट काहीतरी पाजलंय. काय, ते मला सांगता येणार नाही."

आमचा पुराव्याचा तंत्रज्ञ त्या मातीवरचे काही दाणे चिमट्याने उचलून पाकिटात घालत होता. पाकिटावर त्याने लिहिलं, 'गांजाचं बी'.

मी वाकलो. ते जिरं होतं. मातीला आंबूस वास होता, आणि तो मी डोळे मिटून ओळखला असता. आमच्याकडे हिवाळ्यात कढीपत्त्याचं रोप घरात असायचं आणि पिवळं पडलं की बायको त्याला उरलेलं ताक पाणी घालून द्यायची. मिशिगनमधल्या प्रत्येक मराठी घरात कढीपत्त्याला लेकरासारखं जपतात. पण जिरं घातलेलं ताक झाडाला घालणारा माणूस त्या घरात एकच होता, आणि तो मला काल डोळ्यांत पाणी आणून सांगत होता की त्याने झाडांना हातही लावलेला नाही.

त्या खोलीत, त्या खात्यात, हे ओळखणारा मी एकटा होतो. बोटाने माती जराशी वरखाली केली असती तर काम भागलं असतं, आणि पाकिटातल्या दाण्यांना प्रयोगशाळेने 'गांजा नव्हे' म्हणून कचऱ्यात टाकलं असतं. मी बराच वेळ तसाच उकिडवा बसलो. मग उठून सार्जंटला सगळं सांगितलं.

"त्या पोराचं काय होईल ते कळतंय ना तुला?" त्याने विचारलं.

"कळतंय."

विद्यार्थ्यापुढे मी जिऱ्याचं पाकीट ठेवलं, तेव्हा त्याने ते उचलून उजेडात धरलं. मग ढसाढसा रडला.

"मालकाने ते झाड फेकून दिलं होतं काका. जिन्याखाली, वॉशिंग मशीनपाशी. मरायला टेकलेलं. मला काय माहीत कसलं आहे? आई करते तसं ताक घातलं. ते जगलं, तर त्याने उचलून आत नेलं आणि म्हणाला, बाकीच्यांनाही फिक्स कर. तोवर वास यायला लागला होता, मला कळलं. मी नो म्हटलं. तो म्हणाला, पोलिसात गेलास तर तुझंच नाव सांगेन, कोणावर विश्वास ठेवतील ते?"

माझा विश्वास बसला. पण एकदा खोटं बोललेल्याच्या शब्दाला कोर्टात कवडीची किंमत नसते. उरला घरमालक.

त्यालाही हक्क ऐकवले होते. त्याला वकील नको होता, स्वतःच्या हुशारीवर भरवसा होता. मी टेबलावर पिवळ्या झाडांचे फोटो मांडले. "ज्याने ही वाढवली त्याला झाडातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो. "माझी बायको कुंडीत याहून बरं पिकवते." त्याचे कान लाल झाले. मग मी हिरव्या झाडाचा फोटो पुढे सरकवला. "हे मात्र जाणकाराचं काम. तुमच्या भाडेकरूचं."

"मी तेच सांगतोय," तो म्हणाला. "सगळी त्याचीच आहेत."

"मग एकच का जगवलं? हातात इलाज असताना स्वतःचा माल कोण मारून टाकेल?"

"कारण बाकीच्यांना हात लावायला तो तयारच नव्हता! दोनदा सांगितलं मी त्याला. शेवटी मलाच मरमर करावी लागली, सगळ्यात महागाचं खत आणून..."

तो थांबला. सार्जंटने पेन खाली ठेवलं.

माणूस अपराध लपवतो, पण आपल्या कष्टांची कोणी किंमत केली नाही ही तक्रार त्याला लपवता येत नाही. चौकशीच्या खोलीत मी हे पुढेही अनेकदा पाहिलं.

घरमालकाने गुन्हा कबूल केला. विद्यार्थ्यावरचे आरोप सरकारी वकिलांनी मागे घेतले आणि त्याचं शिक्षण पुरं झालं. या केसने मला शिकवलं ते एवढंच. मी दया येऊन ती माती वरखाली केली असती, तर त्याला सोडवणारी एकमेव गोष्ट माझ्याच हाताने गाडली असती. पुरावा कोणाच्या बाजूचा आहे, हे तो सापडतो त्या क्षणी कळत नाही. म्हणून तो लपवण्याचा अधिकार कोणालाच नाही, प्रेमापोटीसुद्धा. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो.

पण एक गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही. डिग्री मिळाल्यावर दुसऱ्या राज्यात नोकरीला जाण्याआधी तो आमच्याकडे जेवायला आला होता. पोटभर जेवला. निघताना दारात बूट घालता घालता म्हणाला, "एक विचारू? ते जिरं दिसलं, तेव्हा मी सुटेन हे तुम्हाला माहीत नव्हतं. माझ्या जागी तुमची मुलगी असती, तरी सांगितलं असतं?"

मी "हो" म्हणालो. पण म्हणण्याआधी, आतल्या खोलीत बसलेली मुलगी ऐकत तर नाही ना, हे मी वळून पाहिलं.