कडू मीठ

स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. ठाण्याच्या एका शाळेत मी रसायनाची नवी बाई होते. वर्गात खाडीचं पाणी पार कोरडं होईपर्यंत आटवून मी ऐटीत मीठ काढून दाखवलं. पोरांनी ते चाखलं आणि तोंडं वाकडी केली.

“बाई, हे कडू का लागतं?”

उद्या सांगते म्हटलं आणि संध्याकाळी कोलशेतचं मिठागर गाठलं.

तिथे एक म्हातारी लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. माझी फजिती ऐकून ती दांड्यावर रेलून पोटभर हसली. मग मीठ काढल्यावर उरलेल्या पाण्यात तिने बोट बुडवलं, चाखलं, बाजूला थुंकली आणि मलाही चाखायला लावलं. कडूजहर.

“बाय, तू सगला पानी आटवलास. मीठ पयलं खाली बसतं, कडू पान्यातच ऱ्हातं. तो पानी आमी खाडीला परत देतो.” पुन्हा वाकता वाकता म्हणाली, “शालंत हे शिकवत नाय?”

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच शिकवलं; कडूपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो, एवढंच जोडलं. त्या तासाला मॅग्नेशियम हा शब्द तेवढा माझा होता.