झाकण उघडून वास घेणाऱ्या बाई

आपल्या गल्लीत त्यांना सगळे रक्तवाल्या बाई म्हणत. सकाळी उपाशीपोटी ताटकळत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन रक्त काढायचं आणि मग दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या नाही नाही त्या बाटल्या तपासायच्या, हे त्यांचं काम. हातमोजे काढले, हात धुतले, की तिथेच शेजारच्या खोलीत पोळीभाजीचा डबा उघडून निवांत जेवायच्या. नवरा म्हणायचा, "हिला किळस कशाशी खातात तेच ठाऊक नाही." बाईंचाही तसाच समज होता.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना परदेशातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम मिळालं. लेक वसतिगृहात होती, नवऱ्याला सासूबाईंच्या हवाली केलं आणि बाई निघाल्या. इस्पितळात मोडक्यातोडक्या इंग्रजीवर निभावायचं. पण रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरलं, की त्यांच्यातलं आणि निरक्षर माणसातलं अंतर संपायचं. डब्यांवरचं एक अक्षर लागेल तर शपथ.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पांढरीशुभ्र वडी आणली. पनीरच ते, शंकाच नको. कांदा-टोमॅटो परतून तुकडे सोडले, तर ते विरघळायलाच लागले. बघता बघता कढईत नुसता चकचकीत तवंग, आणि वास असा, की बाईंनी नाक दाबून गॅस बंद केला. त्यांच्याच घरात दुसऱ्या खोलीत एक नर्स राहायची, तीही कुठल्या तरी तिसऱ्याच देशातली. ती नाक वर करून स्वयंपाकघरात आली.

"वा, डुकराची चरबी. माझी आई यातच बटाटे तळते."

जन्मात अंड्याच्या पुढे न गेलेल्या बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर लटकल्या. नंतर कढई घासून घासून हात सोलवटले, तरी त्यात पुन्हा फोडणी घालायचं मन होईना. शेवटी कढई नर्सला देऊन टाकली.

लेकीनं फोनवर उपाय सांगितला. "आई, डब्यावर कॅमेरा धर. मराठीत येतं सगळं."

बाईंनी धरला. दह्यासारख्या दिसणाऱ्या डब्यावर फोननं लिहिलं, 'आजीची मऊ जीभ'. शेजारच्या बरणीवर 'थरथरते पाय'. यंत्र चुकलं म्हणावं, तर त्या बरणीत खरोखरच काहीतरी थरथरत होतं. बाईंनी फोन पिशवीत टाकला तो टाकलाच.

उरलं नाक. लॅबमध्ये बाटली उघडली की काय बिनसलंय ते त्या वासावरून ओळखायच्या. इथेही त्यांनी तेच सुरू केलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून झाकण हळूच वर करायचं, हुंगायचं, परत लावायचं. एकात सडक्या पाण्यातल्या मोज्यांचा वास, एकात गंजलेल्या लोखंडाचा, एकात कसला ते सांगवत नाही. कोरड्या उलट्या दाबत बाई पुढच्या डब्याकडे वळत होत्या. तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं.

दुकानाचा पहारेकरी होता. चांगला आडमाप, भुवया जाड. बाईंनी उघडलेला एकेक डबा तो शांतपणे त्यांच्याच टोपलीत ठेवत गेला आणि गल्ल्याकडे बोट दाखवलं. लोक बघत होते. बाई मान खाली घालून सगळं विकत घेऊन घरी आल्या.

आता ते डबे फ्रीजमध्ये त्यांच्या दुधाशेजारी बसले. फोनवर नवरा म्हणाला, "अगं, टाकून दे की कचऱ्यात."

"अन्न आहे हो ते. टाकवत नाही."

"मग खा."

"बोलू नका तुम्ही. आत्ता जेवलेय मी."

दोन दिवस त्यांनी चहा बिनदुधाचा घेतला, कारण फ्रीजचं दार उघडायची हिंमत नव्हती. मग नर्सला विचारलं. ती हरखलीच. पाव घेऊन बसली आणि एकेक डबा फस्त करत सुटली. काळे चिकट दाणे दाताखाली फुटायचे, त्याचा आवाज बाईंना ऐकू यायचा. तळाचं तिनं बोटानं पुसून चाटलं. दिवसभर लोकांची विष्ठा काचेवर पसरून पाहणाऱ्या बाई उठून जिन्यात जाऊन बसल्या.

पुढच्या खेपेला नर्स सोबत आली. तिला तिथली भाषा थोडी यायची. पहारेकऱ्याला तिनं बाईंकडे बोट दाखवून समजावलं, की हिला वाचता येत नाही आणि ही कुठलाच प्राणी खात नाही, म्हणून हुंगते. पहारेकऱ्यानं भुवया वर केल्या. बाईंच्या हातातला डबा घेतला, वाचला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता हंबरला. बाईंनी डबा पटकन ठेवून दिला.

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. बाई डबा पुढे करायच्या, तो कधी शेळीसारखा बें बें करायचा, कधी कोंबडीसारखा कलकलायचा, माशासाठी नुसतं तोंड उघडमीट करायचा. गप्प राहिला की डबा टोपलीत. असं करत बाईंना वाटाणे, दही, खरंखुरं पनीर, सगळं सापडलं. पण तिथल्या खाण्याबद्दलचा शिसारी काही गेली नाही, आणि ती जावी असं त्यांना वाटलंही नाही. दुकानाचा मांस-मासळीचा थंड कोपरा बाई नाकाला पदर लावूनच ओलांडत.

एकदा त्यांनी हिरवट रंगाची छोटी बरणी पुढे केली. पालेभाजीचं काहीतरी असावं. पहारेकऱ्यानं वाचलं, परत वाचलं, थोडा विचार केला आणि घशातून एक लांबलचक, ओला आवाज काढला. असा आवाज करणारं जनावर बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"हे काय असतं?" त्यांनी मराठीतच विचारलं.

त्यानं दोन्ही हात छातीशी दुमडून, डोळे मोठे करून ते दाखवायला सुरुवात केली. बाईंनी बरणी त्याच्याच हातात ठेवली आणि बटाट्यांकडे निघून गेल्या.