मैदानाकडे पाठ

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ एका गोलने पुढे होता. दहा मिनिटं उरली होती, तेव्हा अण्णा उठले. अण्णा म्हणजे आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले जुने शिपाई. निवृत्त झाले तरी एक सामना चुकवत नाहीत. इतकी वर्षं संघ हरतच आला, त्यामुळे शेवटची दहा मिनिटं उरली की उठायचं आणि ठरलेल्या हारीची वाट न बघता निवांत सायकल काढायची, ही त्यांची सवय. यंदा मात्र पोरं खेळायला लागली आहेत. लागोपाठ दोन सामने जिंकलेत.

आज अण्णा गेटपर्यंत गेले आणि सायकलचं हँडल धरून, मैदानाकडे पाठ करून तिथंच थांबले. मी मागोमाग गेलो.

"बघा की, अण्णा."

"बघवत नाही ओ. हरत होतो तवा निवांत बघाय यायचं."

मला हसू आलं नाही. मीही दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. आजारी माणसाचा ताप उतरू लागला की घरातले सारखे कपाळाला हात लावून बघतात, तसंच हे. सुधारणा दिसली की धास्ती वाढते.

शेवटची शिट्टी झाली. आरोळी उठली. अण्णा वळले नाहीत.

"कोण?"

"आपण."

त्यांनी डोळे पुसले. "पुढची मॅच कधी?"

"रविवारी."

"म्हंजे रविवारपर्यंत जेवण जायचं नाही," असं म्हणून त्यांनी सायकल पुन्हा स्टँडवर लावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सामना संपल्यावर मैदानाकडे निघाले.