सुभद्रामायच्या अकरा रिकाम्या जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलीय. धुळ्यात माझा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. रोज स्क्रीनवर आवाज डोळ्यांनी बघणारा माणूस मी, माझा कसला विश्वास बसतोय! तरी हे लिहितोय... आणि लिहिताना मान खाली जातेय.

नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली द्वारकाअक्का नातीच्या हळदीची गाणी रेकॉर्ड करायला आली होती. आता दम पुरत नाही, म्हणून हळदीला स्पीकरवर लावायची. आमच्याकडे ही गाणी दोघींनी म्हणायची असतात — एकीने ओळ सोडायची, दुसरीने झेलायची. अक्काची ओळ चाळीस वर्षं तिच्या जावेनं, सुभद्रामायनं झेलली. ती दोन वर्षांपूर्वी वारली. अक्का एक ओळ म्हणायची, मग तेवढाच वेळ गप्प बसायची, मग पुढची.

मला वाटलं, म्हातारी विसरतेय. मी शहाण्यानं सगळ्या मोकळ्या जागा कापल्या, सूर सरळ केला, आणि हार्ड डिस्क भरली म्हणून मूळ फाईल उडवून टाकली.

अक्कानं ऐकलं, आणि आपल्या अहिराणीत जावेची जागा विचारत म्हणाली, "मनी जाऊनी जागा कोठे गयी रे भाऊ? ती म्हनस तोवर मी थांबस ना!"

आपण काय कापलंय ते तेव्हा मला कळलं. पण तोंडातून काय निघालं? "अक्का, मशीननं आपोआप कापलं. मूळ आहे माझ्याकडे, लावून देतो." धडधडीत खोटं! मग मोजून अकरा ठिकाणी कॉम्प्युटरची कोरी शांतता चिकटवली. त्यात श्वाससुद्धा नसतो... काहीच नसतं.

हळद सकाळी अकराला. मांडवात मिक्सरपाशी मीच बसलो होतो. अक्काची पहिली ओळ संपली, मिक्सरवरचे आवाज दाखवणारे दिवे विझले — आणि स्पीकरमधून दुसऱ्या बाईनं ओळ झेलली. जरा घोगरा आवाज. मी बायकांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं मिटलेली, डोळ्यांना पदर. आवाज मी पार शून्यावर आणला, तरी ती ओळ पूर्ण झाली. असं अकरा वेळा!

गाणं संपल्यावर अक्का आली. हळदीचा हात माझ्या गालावर ठेवून म्हणाली, "तू तिले जपी ठेवं भाऊ... बरं करं."

आणि मी मान हलवली. हो म्हणालो! सगळ्यांदेखत टोपी-उपरणंही घेतलं.

घरी येऊन फाईल उघडली. अकराही ठिकाणी सरळ रेघ. मांडवात वाजवलेली पेन ड्राईव्हवरची तीच, कॉम्प्युटरवरची तीच. त्यानंतर कितीदा वाजवली, त्या जागी काही ऐकू येत नाही. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

अक्का मात्र गावभर सांगते, धुळ्याच्या भाऊनं माझी जाऊ सांभाळून ठेवली. मीच तिला कापून टाकलं होतं, एवढं एक वाक्य माझ्याच्यानं बोलवत नाही. काल दुपारी पुन्हा अक्काचा फोन आला होता... मी उचलला नाही.