न पटणाऱ्या व्यक्तीची सही

फॉर्मवहिनींचं खरं नाव संस्थेच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कोणी वाचत नसे. सगळे त्यांना फॉर्मवहिनीच म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. परक्या देशातल्या एका मोठ्या इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीत बसून त्यांनी तीस वर्षं काढली होती. माणूस कण्हत आला तरी आधी आडनाव, मग जन्मतारीख, आणि मग काय ते कण्हा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथूनच आपल्या गावाकडच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीची संस्था काढली. खिडकी सुटली, फॉर्म काही सुटला नाही.

संस्थेचं ऑफिस म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली. खालची वाफ जमिनीच्या फटींतून वर यायची आणि चिकटवून ठेवलेली पाकिटं आपोआप उघडायची. कपाटावर देवाची छोटी तसबीर होती. रोज सकाळी वहिनी तिच्यापुढे हात जोडून म्हणायच्या, "देवा, खोटं बोलणाऱ्याचा अर्ज माझ्या हाती आधी लागू दे." पाकिटांना तिकिटं चिकटवता चिकटवता यजमान म्हणायचे, "देवालाही माणसं कळतात, पण त्याला फॉर्म लागत नाही." एकतीस वर्षं बस चालवलेला हा माणूस. आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवला नव्हता. बस एकदा दिव्याच्या खांबाला घासली, तेव्हा खाली उतरून त्यांनी खांबाचीसुद्धा माफी मागितली होती.

पहिल्या वर्षी फॉर्म एका पानाचा होता. दुसऱ्या वर्षी एका मुलाने लिहिलं, 'आमचे घर लहान आहे', आणि सोबतच्या फोटोत त्याच्या मागे संगमरवरी जिना निघाला. झालं, प्रश्न वाढला: घराला जिने किती? मग एकाच्या अंगणात मोटारसायकल निघाली आणि प्रश्न त्रेचाळीस जन्माला आला: घरी मोटारसायकल आहे का? नसल्यास अंगणात दिसते ती कोणाची? असं करता करता सतरा पानं झाली आणि एकशे बारा प्रश्न झाले. प्रत्येक प्रश्नामागे एकेक लबाड उभा होता, आणि वहिनींना तो चेहऱ्यानिशी आठवत होता.

एकशे बारावा प्रश्न मात्र त्यांच्या अभिमानाचा. शिफारसपत्रं येत ती सगळी साखरेत घोळलेली. एका गुरुजींनी तर नऊ मुलांना 'सद्गुणांचा पुतळा' करून पाठवलं होतं, पुतळा तोच, फक्त नाव बदललेलं. तेव्हा वहिनींनी डोकं चालवलं आणि रकाना घातला: 'तुमचे जिच्याशी पटत नाही अशा एका व्यक्तीची शिफारस व सही.' न पटणारा माणूस फुकट गोड बोलत नाही. त्याच्या तोंडून एक बरा शब्द निघालाच, तर तो खरा असणार.

कल्पना झकास होती. अर्ज चाळिसावरून एकोणीसवर आले, गेल्या वर्षी सहावर, आणि यंदा आला एक.

त्या एका अर्जावर शुक्रवारी दुपारी निवड समिती बसली. समिती म्हणजे वहिनी, यजमान आणि अध्यक्ष. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. ते अर्जातलं काहीही वाचत नसत, फक्त फोटोतले दात पाहत.

"खालचे दोन वाकडे आहेत, बाकी मुलगी उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "घ्या मंजूर करून."

"कशी करू? शेवटचा रकाना कोरा आहे," वहिनी म्हणाल्या.

मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. शिष्यवृत्तीचं पत्र आजच्या आज कॉलेजच्या ईमेलवर पोचायला हवं होतं. तिकडचं ऑफिस बंद व्हायला तासभर उरला होता. पत्र गेलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि अपूर्ण अर्ज मंजूर करायचा नाही, हा नियम खुद्द वहिनींच्या अक्षरात भिंतीवर लावलेला.

"एकदा वाकवा की तो नियम," यजमान म्हणाले.

"गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज मी याच रकान्यासाठी परत पाठवला. तिला काय तोंड दाखवू?" वहिनी बोलल्या, पण आवाज पडला होता. सोळा पानं सुवाच्य अक्षरात भरणारी पोर अशी रकान्यापाशी अडकलेली त्यांनाही बघवत नव्हती. त्यांनी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"काकू, न पटणारी व्यक्ती होती हो माझ्याकडे," मुलगी म्हणाली. "माझी आत्या. शेजारीच राहते. आमच्या ओल्या कपड्यांचं पाणी तिच्या जिन्यावर पडतं म्हणून सहा वर्षं बोलणं बंद होतं."

"मग तिची सही का नाही?"

"सहीसाठी गेले, तर ती म्हणाली, आधी फॉर्म वाचून दाखव. वाचायलाच दुपार गेली. घराला खिडक्या किती, या प्रश्नावर ती म्हणाली, चार कशा, पाच आहेत, पाचवी तुझ्या बापाने माझं तोंड दिसू नये म्हणून बंद केली. मग ती रडली, मग आई आली, मग आईपण रडली. संध्याकाळी बाबांनी खिडकी उघडली. आत्या सही करायला तयार होती हो, पण तोवर आमचं पटायला लागलं होतं. खोटं कसं लिहू?"

अध्यक्षांनी डोळे पुसले. यजमान म्हणाले, "बघ, तुझ्या फॉर्मने घर जोडलं."

"घर जोडलं आणि रकाना तोडला!" वहिनी वैतागल्या. "दुसरं कोणी नाही का गं?"

"शोधलं, काकू. मैत्रिणीशी मुद्दाम भांडायला गेले, तर ती हसतच सुटली."

अध्यक्षांनी फॉर्म पहिल्यांदाच हातात धरून वाचला. "वहिनी, इथे नुसतं 'व्यक्ती' लिहिलंय. म्हणजे आपल्यापैकी कोणाचंही तिच्याशी बिनसलं तरी चालेल."

वहिनींनी रकाना तीनदा वाचला. नियमात बसत होतं. त्यांनी यजमानांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिथे वेळ दवडण्यात अर्थ नव्हता.

"मी भांडतो," अध्यक्ष पुढे सरसावले. "ए मुली! मी दातांचा डॉक्टर सांगतोय, तुझे दात वाकडे आहेत!"

"हो ना डॉक्टर, खालचे दोन. आता या वयात काही करता येईल का?"

"येईल की! अक्कलदाढा आल्यात का?" आणि पुढची दहा मिनिटं भांडणाऐवजी दातांची तपासणी झाली. शेवटी दोघांनी एकमेकांचे आभार मानले.

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि फोन ओढून घेतला. "पोरी, तुला साधं भांडता येत नाही? नर्स कशी होणार तू? इस्पितळात गरीब गाय होऊन चालत नाही."

"भांडता येतं मला," मुलगी म्हणाली. "पण तुमच्याशी भांडले तर शिष्यवृत्ती जाईल."

"नाही जात. बोल काय बोलायचंय ते."

"नक्की ना? मग सांगते. तुमचा फॉर्म भयंकर आहे. पन्नास प्रश्न झाल्यावर आई म्हणाली, ही बाई शिष्यवृत्ती देतेय की मुलगी बघतेय? आजीला टीव्ही दिसतो का, या तुमच्या प्रश्नावरून आजी रुसून दोन दिवस जेवली नाही. अंगणात मोटारसायकल कोणाची, म्हणे! आम्हाला अंगणच नाही! माझ्या वर्गातल्या तिघी फॉर्म बघूनच मागे फिरल्या. त्या माझ्याहून हुशार होत्या. लबाडांना पकडायला निघालात तुम्ही, आणि पळाल्या गरीब पोरी. लबाड कशाला पळतील? ते भरतात की खोटंनाटं!"

वहिनींचे कान लाल झाले. हे काही नाटकातलं भांडण राहिलं नव्हतं.

"हे बघ! तीस वर्षं खिडकीत काढलीत मी! एक माणूस चुकीच्या खाटेवर गेला नाही!"

"पण खाटेवर जायच्या आधी किती जण घरी परत गेले, ते लिहिलंत का कुठे?"

"उद्धट!"

"तुम्हीच म्हणालात, बोल!"

"बोल म्हटलं, टोच म्हटलं नव्हतं! माझ्या नातीच्या वयाची तू, मला शिकवतेस?"

यजमान चहाचे कप घेऊन कोपऱ्यात सरकले. बोलणं चढत गेलं. खालच्या दुकानातून कोणीतरी काठीने छत ठोकलं. अखेर वहिनी इतक्या तापल्या, की फोन बंद करून धाडकन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काय जीभ आहे पोरीची! माझं नाही हो पटायचं हिच्याशी!"

अध्यक्षांनी हळूच त्यांच्यापुढे पेन ठेवलं.

 वहिनींनी चष्मा पुसला आणि रागारागाने लिहिलं: 'ही मुलगी उद्धट आहे. वडीलधाऱ्यांच्या कामाला नावे ठेवते. माझे हिच्याशी पटत नाही. मी आयुष्यभर लोकांकडून रकाने भरून घेतले. खोटे लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवणारी ही पहिलीच. शिष्यवृत्ती द्यावी.' खाली सही केली.

पत्र गेलं तेव्हा कॉलेजचं ऑफिस बंद व्हायला नऊ मिनिटं होती. थोड्याच वेळात फोन वाजला.

"काकू! मिळालं पत्र! तुम्ही किती चांगल्या..."

"गप्प!" वहिनी ओरडल्या. "एक गोड शब्द बोलू नकोस. सही खोटी पडेल माझी. अभ्यासक्रम किती वर्षांचा?"

"चार."

"मग चार वर्षं आपलं पटता कामा नये. कळलं?"

 मुलगी म्हणाली, "कळलं. तुमचा आवाजही फार कर्कश आहे."

"शाब्बास," वहिनी म्हणाल्या, आणि जीभ चावून लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, निर्लज्ज कुठली!"

तेव्हापासून महिन्यातून एकदा तिचा फोन येतो आणि दोघी प्रामाणिकपणे भांडतात. मागच्या वेळी विषय होता, रोग्याच्या पलंगाची चादर कोपऱ्यात कशी दुमडायची. एकीने ती तीस वर्षं खिडकीतून पाहिलेली, दुसरी नुकतीच शिकलेली. वाद मिटता मिटेना, तेव्हा वहिनींनी यजमानांना ऑफिसच्या टेबलावर आडवं केलं, खालच्या दुकानातून चादर मागवली आणि फोनचा कॅमेरा लावून दुमडून दाखवली.

"चुकलं, काकू," पलीकडून आवाज आला. "पाय उघडे राहिले."

यजमान झोपूनच म्हणाले, "राहिलेत खरे."

वहिनींनी चादर ओढून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.